राखणदाराची उंची

मला समुद्राचा कंटाळा आलाय. मालवणच्या गाबिताच्या, म्हणजे मच्छीमाराच्या पोरीनं असं बोलू नये; आई असती तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला असता. पण साठी उलटल्यावर कोण कुणाला घाबरतंय! पस्तीस वर्षं मी समुद्राची मोजणी करते आहे. जमीन मोजणाऱ्याला निदान बांध तरी सापडतो. आम्हाला पाण्यावर रेघ मारायला सांगतात, आणि वर ती पुसली का गेली म्हणून जाब विचारतात.

समुद्राच्या हद्दींचे तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय लवादाचं पत्र आलं तेव्हा मी कुडाळच्या माझ्या फ्लॅटमध्ये डाळीला फोडणी देत होते. हिंदी महासागरातले दोन चिमुकले देश, कासिरा आणि ओलेंदो. दोघांच्या मध्ये एक खडक. त्याचं माप घ्यायला तटस्थ तज्ज्ञ म्हणून श्रीमती हेमांगी कुबल यांनी यावं, कारण सव्वीस वर्षांपूर्वीचं पहिलं माप त्यांचंच आहे. पत्र वाचता वाचता फोडणी जळाली.

भांडण काय ते सांगून टाकते. समुद्राच्या कायद्यात एक साधा नियम आहे. भरतीच्या वेळीही जो खडक पाण्याबाहेर राहतो ती जमीन, आणि जमीन म्हटली की तिच्याभोवतीचा बारा सागरी मैल समुद्र मालकाचा. भरतीला बुडतो तो नुसता दगड, त्याला काही मिळत नाही. हा खडक जमीन ठरला तर कासिराचा, असं जुन्या तहात लिहिलेलं. नाही ठरला तर दोन देशांमधून रेघ मारायची, आणि त्या रेघेनं तिथला सगळा समुद्र ओलेंदोकडे जायचा. त्याच समुद्रावर दोन्हीकडचे मच्छीमार जगतात. आणि सहा वर्षांपूर्वी त्याच्याच तळाखाली तेल सापडलं.

तेल सापडेपर्यंत सगळं छान चाललं होतं, तेही एका घोळाच्या जिवावर. समुद्र सगळीकडे एकाच पातळीत असतो असं लोकांना वाटतं. कुठला असायला! वारे, प्रवाह, तळाचे डोंगर, सगळे त्याला कुठे फुगवतात, कुठे दाबतात. प्रत्येक देश आपल्या बंदरात वर्षानुवर्षं पाणी मोजतो, त्याची सरासरी काढतो आणि तिला शून्य म्हणतो. कासिराचं शून्य आणि ओलेंदोचं शून्य यांत वीतभर फरक. एका शून्यानं मोजलं तर खडक भरतीत बाहेर, दुसऱ्यानं मोजलं तर आत. दोघंही खरे! त्यामुळे दोघांचेही मच्छीमार तिथे जाळी टाकत, आणि कुणी कुणाला हटकत नसे. मी आयुष्यात पाहिलेला हा सगळ्यात शहाणा सीमावाद होता.

मग घड्याळ आलं.

*

कासिराच्या दक्षिण टोकाला भाटी नावाचं गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी मालवण-देवगडकडची माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला नेली, त्यांचे पणतू-खापरपणतू तिथे राहतात. करार संपताच ही माणसं उसाला लाथ मारून समुद्रावर परतली. मालवणी मात्र अजून बोलतात, माझ्याहून चांगली.

धक्क्यावर यसूदादा उभा होता. यसू मोंडकर, वय अडुसष्ट, भाटीचा सगळ्यात जुना तांडेल, होडीचा म्होरक्या. सव्वीस वर्षांपूर्वी मला खडकावर यानंच नेलं होतं.

“काय गो हेमा, म्हातारी झालंस!”

“तू काय तरणो ऱ्हवलंस?”

हसला. माझी पेटी उचलायला त्यानं हात पुढे केला आणि माझी नजर नको तिथे गेलीच. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. पहिल्या खेपेला लाटेनं होडी उचलली, मी घसरून होडी आणि खडक यांच्या फटीत पडले. यानं मला वर ओढलं आणि होडी त्याच्या हातावर आदळली. मी जिवंत आहे ती त्या दोन बोटांवर.

दुपारी त्याच्याच घरी जेवले. सून रेजिना वाढत होती. ती ओलेंदोची, तिचा भाऊ मातेओ तिकडून याच खडकाच्या समुद्रात मासे धरतो. तिथेच दोन होड्या शेजारी लागल्या, आणि पुढे लग्न लागलं. तिची मालवणी मोडकी, पण कालवण असं की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

रेजिना आत गेल्यावर यसूदादानं विषय काढला. त्याला आडवळणानं बोलता येत नाही.

“चाळीस होड्यो आसत भाटीत. ती जागा गेली तर आमी खावचां काय?”

“सरकार तिथे तेल काढणार आहे, दादा. मग मासे कुठले?”

“मासे बाजूक सरतत. आमी कडेन जाळी टाकू. पण रेघ पडली तर कडेकय जावक गावचां नाय.” थोडा वेळ तो ताटात बोट फिरवत राहिला. “तू आदी लिवलंस मां? तांच लिव. नवा काय एक लिवू नको.”

सव्वीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मी “बघू” म्हटलं आणि हात धुवायला उठले. “बघू” हा आमच्याकडे भित्र्यांचा शब्द आहे.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. होडीत यसूदादा, मी, घड्याळ, कासिराचे एक घामाघूम अधिकारी आणि ओलेंदोची वकील मिरेल. मिरेल तिशीची असेल. बिचारीला बोट लागली होती, कठड्याला धरून बसली होती.

“घड्याळान उंची कशी मोजतत गो?” यसूदादानं विचारलं. अधिकाऱ्यांनीही कान टवकारले. त्यांनाही माहीत नव्हतं, पण विचारायची लाज.

मी त्याला सांगितलं ते असं. पृथ्वी जशी वस्तूंना ओढते तशी ती काळालाही ओढून धरते. तिच्या जितकं जवळ जावं तितका काळ सावकाश चालतो. माडावर चढलेल्याचं घड्याळ पुढे पळतं, बुंध्याशी बसलेल्याचं मागे राहतं. फरक इतका बारीक की जन्मभर माडावर बसलं तरी कळायचा नाही. पण या पेटीत स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचे काही हजार अणू लेझरच्या उजेडात टांगून ठेवलेत. ते सेकंदाला चारशे लाख कोटींहून जास्त ठोके देतात. पेटी बोटभर वर उचलली की ठोक्यांचा वेग अठराव्या दशांश स्थळावर बदलतो. तो बदल उपग्रहामार्फत दोन्ही देशांच्या राजधान्यांतल्या घड्याळांशी ताडून पाहायचा. मग कासिराचं शून्य नको आणि ओलेंदोचं नको. पृथ्वीच सांगते कोण वर, कोण खाली.

“म्हणजे आता खोटां बोलाक गावचां नाय,” यसूदादा म्हणाला.

“नाही.”

“वायट झाला,” तो म्हणाला, आणि त्यानं सुकाणू वळवलं.

मिरेल सावरली होती. तिला म्हटलं, तुम्हाला तेल कशाला हवंय? तेल जाळून जाळूनच तर तुमची बेटं बुडायला आली.

“ते मला शिकवू नका, बाई,” ती शांतपणे म्हणाली. “गेल्या अमावास्येला आमच्या दफनभूमीत पाणी शिरलं. माझ्या आजीची शवपेटी आम्ही दोनदा हलवली. तिसरी जागाच नाही. तेल विकून आम्हाला कुठेतरी उंचावर जमीन घ्यायची आहे. कुठेही.”

मला सगळ्यांचंच पटतं, हाच माझा रोग आहे.

*

खडक लांबूनच दिसतो. खाली काळा कातळ, माथ्यावर काळ्या-पांढऱ्याची खिचडी. भाटीवाले त्याला राखणदार म्हणतात. हंगामाच्या पहिल्या फेरीला प्रत्येक होडी आपल्या अंगणातला एक धोंडा नेते आणि अनवाणी चढून माथ्यावर ठेवते. ‘हो आमच्या घरचो धोंडो. घर राख.’ एवढंच म्हणायचं. ओलेंदोवाल्यांनी बघून बघून ते उचललं. भाटीचे धोंडे काळे, ओलेंदोचे पोवळ्याचे, पांढरे. बरेचसे लाटा नेतात. उरतात त्यांच्यावर शंख-शिंपले बसतात, चुना धरतो, आणि दहा-वीस वर्षांत ते खालच्या कातळाशी असे सांधतात की हातोडी मारल्याखेरीज कळू नये. आणि दोन नियम. राखणदाराला लोखंड लावायचं नाही. ठेवलेला धोंडा परत घ्यायचा नाही. घेतला तर राखण सुटली.

मी चपला होडीतच काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

घड्याळ माथ्यावर बसवलं. अशा मोजणीला घाई चालत नाही, ठोके सहा तास जमू द्यावे लागतात. मी छत्री लावून बसले. दुपारी दोनला आकडा आला. सर्वात मोठ्या भरतीच्या पाण्यापेक्षा सतरा सेंटीमीटर वर.

अधिकाऱ्यांनी माझा हात इतका हलवला की खांदा दुखला. यसूदादानं होडीतूनच आकाशाकडे बघून हात जोडले. मिरेलनं फक्त वही मिटली.

उरली सही. शेवटच्या पानावर छापलेलं होतं: ‘मोजलेला सर्वोच्च बिंदू नैसर्गिक आहे.’ सोबत पुरावा म्हणून माझा सव्वीस वर्षांपूर्वीचा अहवाल जोडलेला. त्यातही हेच वाक्य, खाली माझीच सही.

ते वाक्य खोटं होतं. आता सांगते. त्या वेळी मला माथ्यावरचा नमुना फोडून घ्यायचा होता. छिन्नी-हातोडी पिशवीत होती. यसूदादा म्हणाला, “तेका लोखंड लावूचां नाय,” आणि खरं सांगायचं तर त्यानं म्हणायची गरजही नव्हती. बाहेरच्या कुणा सर्वेक्षकानं पहिला घाव माथ्यावरच घातला असता. माझ्या हातून ते होईना. आमच्या घरीही राखणदाराला नारळ देतात. मी कमरेच्या उंचीवर, बाजूचा टवका काढला. काळा, अस्सल कातळ. मग अहवालात लिहिलं की माथाही तसाच. एवढीशी गोष्ट! आणि पुढच्या वर्षी फेरतपासणीला आले तेव्हा आमच्या मालवणच्या अंगणातला जांभ्याचा एक तुकडा सोबत आणला आणि माथ्यावर ठेवला. घर राख म्हटलं. बाबा त्या वर्षी आजारी होते.

आता मी गुडघ्यांवर बसून कडेचं शेवाळ नखानं खरवडलं. वीतभर आत, काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या मध्ये दाबलेली एक लाल कड. माझा धोंडा.

वर बघितलं तर होडीतून यसूदादा माझ्याकडेच बघत होता. त्याला कळलं मला काय सापडलं ते. त्यानं मान हलवली, नको म्हणून. हात पुढे करून त्यानं होडीचा दोर धरला होता, तोच तीन बोटांचा हात.

मला रडू आलं. कुणाचा राग आला म्हणावं तर कुणाचाच नाही, नुसता थकवा. पहिल्यांदा लिहिलं ती चूक होती. तेच आज पुन्हा लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि ते खोटं एका बाईच्या आजीच्या पेटीवर जाऊन बसेल. न लिहावं तर चाळीस होड्या.

“मिरेल,” मी हाक मारली, “इकडे ये. चपला काढून ये. हा लाल दगड बघ. हा इथला नाही. हा माझ्या बापाच्या अंगणातला आहे, आणि मी तो पंचवीस वर्षांपूर्वी या माथ्यावर ठेवला. याच्या वरचं सगळं त्यानंतरचं. खालचंही बरंचसं माणसांनीच ठेवलेलं आहे.”

अधिकारी ओरडायला लागले. यसूदादा ओरडला नाही. तो वळला आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

*

लवादानं हुकूम काढला: धोंडे उतरवा आणि मूळ कातळावर पुन्हा मोजा. कंत्राटदार पहारी घेऊन निघणार होते. भाटीहून निरोप आला की लोखंड लावायचं नाही, आमचे धोंडे आम्ही काढू.

तीन दिवस ओहोटीच्या वेळा साधून दोन्हीकडच्या होड्या आल्या. भाटीच्या चाळीस, ओलेंदोच्या पंधरा. लाकडी पाचरी, लाकडी मोगरी, आणि हात. म्हातारी माणसं धोंडे ओळखत होती. “हो आमच्या आज्याचो,” म्हणून एकानं काळा धोंडा छातीशी धरला. मातेओनं एक पांढरा दगड आपल्या शर्टात गुंडाळून नेला. ज्यांचे मालक उरले नव्हते ते दगड दोन्हीकडच्यांनी वाटून घेतले.

उघड्या कातळावर घड्याळ बसवलं. भरतीच्या अठ्ठावीस सेंटीमीटर खाली. म्हणजे सव्वीस वर्षांपूर्वी, समुद्र याहून खाली होता तेव्हाही, तो बुडतच होता. मी पहिल्यापासून चुकले होते. रेघ पडली. समुद्र ओलेंदोचा झाला.

निघायच्या दिवशी यसूदादा धक्क्यावर आला. फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यानं माझ्या हातात ठेवलं. जड होतं. लाल.

“तुझो.”

“यसूदादा, अरे ऐक…”

“बोटां गेली त्येचां माका कधी वायट वाटूक नाय,” तो म्हणाला. “आज वाटता.”

आणि गेला.

*

अंगणातला धोंडा अंगणात नेऊन ठेवावा. पण मालवणचं आमचं अंगण आठ वर्षांपूर्वीच समुद्रानं घेतलं, मागोमाग घर घेतलं. मी हे यसूदादाला सांगितलं नव्हतं. कुडाळला तिसऱ्या मजल्यावर धोंडा कुठे ठेवणार? वाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार आपटायचं, त्याला अडकण म्हणून लावला.

दहा महिन्यांनी रेजिनाचा फोन आला. आधी नुसतीच रडली. मग तुटक तुटक सांगितलं. भर दुपारी, भरतीच्या वेळी, मातेओची होडी खडकावर आपटली. काळा-पांढरा माथा असताना तो दोन मैलांवरून दिसायचा, होड्या आपोआप वळायच्या. आता वर नुसतं पाणी. मातेओला जागा पाठ होती, पण त्या दिवशी सुकाणूवर दुसराच कुणी होता. यसूदादाची होडी रेघेच्या अलीकडे होती. आरडाओरडा ऐकून त्यानं होडी सरळ आत घातली. चौघांना काढलं. मातेओ सापडला नाही.

“बाबांक धरल्यांनी,” रेजिना म्हणाली. “रेघ मोडली म्हणान. सा दीस कोठडीत. सुटून घरी इले, पाणीय पिवक नाय. अंगणातलो धोंडो उचलल्यांनी आणि परत राखणदाराकडे गेले.”

मी फोन ठेवला आणि दाराशी जाऊन बसले. आपण ज्याला राखणदार म्हणत होतो तो खरंच राखत होता. मी उंची मोजायला गेले, आणि हे मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पस्तीस वर्षांची तज्ज्ञ! कपाळ माझं.

आणखी चार महिन्यांनी लवादाचं पत्र आलं. उपग्रहाच्या चित्रात खडकाच्या जागी भरतीच्या वेळी काहीतरी पाण्याबाहेर दिसतं आहे. कासिराचं म्हणणं, खडक निसर्गतःच वर आला. ओलेंदोचं म्हणणं, ही घुसखोरी आहे. त्यांच्या वकील मिरेलबाईंनी मात्र अर्जावर सही करायला नकार दिल्याचं तळटीपेत होतं. तरी तज्ज्ञांनी एका ओळीत कळवावं: नैसर्गिक की मानवनिर्मित?

मी लगेच उत्तर दिलं नाही. दाराची अडकण काढली, धुतली, जुन्या साडीत गुंडाळली आणि भाटीच्या पत्त्यावर पाठवली. सोबत चिठ्ठी: ‘यसूदादा, माझां अंगण समुद्रान घेतल्यान. तुका सांगूक नव्हता. ह्यो ठेवतलंस काय?’

तीन आठवडे काही आलं नाही. लवादाची दोन स्मरणपत्रं आली. दार वाऱ्यानं आपटत राहिलं, शेजारच्या बाई तक्रार करून गेल्या.

मग रेजिनाच्या फोनवरून एक फोटो आला. पाणी, उन्हाची तिरीप, काळ्या-पांढऱ्या धोंड्यांचा गुडघाभर ढीग. बऱ्याच घरांचे असावेत, दोन्हीकडच्या. सगळ्यात वर लाल. त्यावर टेकलेला तीन बोटांचा हात. खाली शब्द एकही नाही.

मी कागद घेतला आणि लवादाला विचारल्याप्रमाणे एका ओळीत कळवलं: ‘मानवनिर्मित आहे, आणि त्यातला एक दगड माझा आहे.’ खाली सही केली.